विशेषणाने गिळलेलं झाड

७ नोव्हेंबर १९७४

शरणप्पांनी आज होकार दिला. नवी पेठेतल्या त्यांच्या पुस्तकांच्या दुकानात बसूनच सगळं ठरलं. शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश काढायचा, तो मी करायचा आणि जूनच्या आत पहिला भाग छापायचा. प्रत्येक शब्दाच्या अर्थाखाली तो शब्द कुठून आला हेही दोन ओळींत द्यायचं, हा माझा हट्ट. शरणप्पा म्हणाले, "पोरांना मार्क पायजेत सर, शब्दाचं कूळ कशाला?" पण कबूल झाले. इतकी वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आपल्या नावाचं एखादं पुस्तक असावं असं फार दिवस मनात होतं.

घरी येऊन गौरम्माला सांगितलं. ती भाकरी करत होती. म्हणाली, "मग मामांच्या खोलीत बसा की. तितं उजेड चांगला हाय."

मामा म्हणजे तिचे सासरे, माझे अप्पा. ते जाऊन तीन वर्षं झाली. मागची खोली त्यांच्यानंतर नुसतीच पडून होती. पलंग भिंतीला सारला आणि खिडकीखाली टेबल टाकलं.

१३ नोव्हेंबर

हे लिहू नये असं वाटतंय, पण दुसरीकडे सांगण्यासारखं नाही.

दिवेलागणीला पुढच्या खोलीतून मागे चाललो होतो. मधला बोळ अंधारा आहे. मागून चप्पल घासत कोणीतरी आलं. खर्र, खर्र. ही चाल मी झोपेतही ओळखेन. शेवटी शेवटी अप्पांना पाऊल उचलवायचं नाही, ते फरशीवरून ओढत चालायचे. मी थांबलो. आवाज थांबला. वळून पाहिलं. बोळ रिकामा. गौरम्मा मागे अंगणात कपडे काढत होती.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वर्गात मुलांना तसं सांगतो. पण मानेवरचे केस उभे राहिले ते राहिलेच.

२१ नोव्हेंबर

सर्दी काही जात नाही. आज खोलीत लिहीत बसलो असताना स्वयंपाकघरात दूध करपलं. गौरम्मा शेजारून धावत आली. "घरभर वास सुटलाय, तुमाला कळलं न्हाई?" मला खरंच आला नव्हता. नाक वाहत नाही, शिंका नाहीत, तरी वास म्हणून येत नाही. ती पातेलं घासायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली. दुधाचं तिला फार लागलं असावं.

संध्याकाळी बंदेनवाज आला. कोशाची जुळणी त्याच्याच छापखान्यात व्हायची आहे. एकेका शब्दाच्या माझ्या चिठ्ठ्या परत घेऊन आला होता. "सर, राग नका मानू. ओळ सुरू होती तवा ज्वारी असती, संपती तवा राजगिरा. भिंग लावून बसलो तर डोळ्यातनं पाणी यायला लागलं."

मी म्हटलं, कागदाची काटकसर. खरं म्हणजे मी मोठंच अक्षर काढायला बसतो. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ते कधी आखडतं ते समजत नाही. निब बदलून पाहतो.

३ डिसेंबर

आजचा दिवस एका शब्दात गेला. ॲस्पेन.

हे थंड मुलखातलं झाड. आपल्या पिंपळासारखं. वारा नसला तरी पानं हलत राहतात. मला वाटलं होतं झाड म्हणून दोन शब्दांत लिहून पुढे जाईन. मोठा कोश उघडला तर निराळंच निघालं. झाडाचं मूळ नाव ॲस्पेन नव्हतंच. ते होतं ॲस्प. वुडवरून वुडन, गोल्डवरून गोल्डन, तसं ॲस्पवरून ॲस्पेन. म्हणजे 'ॲस्पचं', 'ॲस्पसारखं'. साधं विशेषण. पुढे त्याला 'थरथरणारं' असाही अर्थ चिकटला. भ्यायलेल्या माणसाचा हात ॲस्पेन, ओठ ॲस्पेन. आणि मग हळूहळू लोक झाडालाच ॲस्पेन म्हणायला लागले. जुनं नाव मागे पडलं. विशेषणाने झाड गिळलं.

ते झाड का थरथरतं याचीही तिकडे गोष्ट आहे. ख्रिस्ताचा क्रूस म्हणे त्याच्या लाकडाचा केला होता, त्या लाजेने ते अजून कापतं.

हे वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

अक्कलकोटच्या पलीकडे आमच्या गावात अप्पांना सगळे ईरप्पा म्हणत. छपरावर घासते म्हणून त्यांनी एकदा पिंपळाची फांदी तोडली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांचा उजवा हात हलायला लागला. गाव म्हणालं, अरळी मर हातात शिरलं. आमच्याकडे पिंपळाच्या झाडाला कानडीत अरळी मर म्हणतात. मग लोक त्यांना नडुगु ईरप्पा म्हणू लागले, म्हणजे थरथरता ईरप्पा. दुसरे ईरप्पा गावात होते, ओळख पटायला बरं. नंतर नुसतं नडुगप्पा. मी त्यांना सोलापुरात घेऊन आलो, तरी ते नाव मागोमाग आलं. ते गेले तेव्हा गावाकडचा एक म्हातारा भेटायला आला. बाळीवेशीच्या तोंडाशी उभा राहून विचारत होता, नडुगप्पांचं घर कुठलं. ईरप्पा म्हणून त्याला माहीतच नव्हते.

ॲस्पेनची चिठ्ठी अर्धी ठेवून उठलो. बोळात पाऊल टाकलं आणि मागून चप्पल घासली.

४ डिसेंबर

चिठ्ठी लिहिली नाही. पुढचे शब्द केले.

१६ डिसेंबर

आज शाळेत हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, मुलं तुम्हाला घाबरायला लागलीत. तुम्ही सारखे रागावलेले दिसता. मी कोणावर रागावलो नाही. परवाच तर एका मुलाच्या उत्तरावर वर्गात मनापासून हसलो होतो. तसं सांगितलं. ते म्हणाले, "हसलात? बरं." आणि दुसरा विषय काढला.

जेवताना गौरम्मानेही तेच विचारलं. "माझं काही चुकलंय का? तोंडावर काहीच न्हाई तुमच्या." मग माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघून म्हणाली, "तंबाखू मळताय व्हय?" मी तंबाखू खात नाही, हे तिला ठाऊक आहे. बघितलं तर अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होती. थांबवली. ती ताट न संपवताच उठली. मागच्या अंगणात बराच वेळ उभी होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते. चुलीचा धूर हल्ली तिला सोसत नाही.

२ जानेवारी १९७५

अप्पा दिसले.

नवी पेठेत कापडाच्या दुकानापुढून चाललो होतो. उन्हं उतरली होती, गर्दी होती. दुकानाच्या मोठ्या काचेत लुगड्यांच्या मागे ते उभे होते. खांदे पुढे आलेले, मान वाकलेली, डावा हात अंगाला चिकटवलेला, तोंड दगडासारखं. माझ्याकडेच बघत होते. मी दचकून मागे सरलो तसे तेही सरले. मागून रिक्षावाला ओरडला. पुन्हा बघितलं तेव्हा काचेपुढे गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं.

रागाने बघत होते असं नाही. काहीच नव्हतं चेहऱ्यावर. त्याचंच भय वाटलं.

त्यांना काय हवंय? त्यांची खोली घेतली म्हणून तर नाही? की नाव? गळून पडलेलं नाव कोणीतरी परत उचलून द्यावं, असं काही?

१५ जानेवारी

सिद्धेश्वराची यात्रा. दरवर्षीप्रमाणे आम्ही दोघं गड्ड्यावर, यात्रेच्या मैदानात, गेलो. गर्दी म्हणजे खांद्याला खांदा. पाळण्यांपाशी दोन तंबूंमधून अरुंद वाट होती. तिच्या तोंडाशी माझे पाय जमिनीला चिकटले. दुसरा शब्द नाही. वरचं अंग पुढे जाऊ पाहतंय आणि पाय कोणीतरी खालून धरलेत. मागचे लोक ढकलायला लागले, शिव्या देऊ लागले.

गौरम्मा पुढे गेली होती, ती वळली. माझ्यासमोर आली आणि तिने आपलं पाऊल माझ्या पावलांपुढे आडवं टाकलं. मी त्याला अडखळणार म्हणून पाय उचलला, तो सुटलाच. दुसराही सुटला. चालायला लागलो.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. बोळातला आवाज, काचेतले अप्पा, आज कोणी पाय धरले ते. ती ऐकत होती. मी म्हटलं, मठातल्या स्वामींना बोलावू, काही शांत करायचं असेल तर करून टाकू. मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. कोणाला ताप आला तरी दोरा बांधणारी बाई. पण ती म्हणाली, "नको. स्वामींचं काम न्हाई हे." मग काय करायचं, तर म्हणे, डॉक्टरांना दाखवा. सर्दीसाठी.

माझं बोलणं तिने हसण्यावारी नेलं असं वाटून वाईट वाटलं.

२८ जानेवारी

आवाज आता रोज येतो. शाळेच्या व्हरांड्यातही आला. म्हणजे ते घर सोडून माझ्याबरोबर येतात.

आज त्यांच्याशी बोललो. मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला होता, गौरम्मा देवळात गेली होती. बोळात उभा राहून म्हटलं, अप्पा, काय पाहिजे ते सांगा. कुठेतरी विणकराच्या मागाचा खडखडाट चालू होता, तेवढाच. मग मी चाललो आणि ते चालले. हे सांगायला चमत्कारिक वाटतं, पण आज भय कमी होतं. शेवटच्या वर्षात आम्ही फारसे बोललो नव्हतो. त्यांचं बोलणं इतकं हळू व्हायचं की कान तोंडाशी न्यावा लागे.

१९ फेब्रुवारी

शरणप्पा स्वतः घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले, "सर, बंदेनवाज हात टेकलाय. तुमचं ज्ञान मोठं, पण चिठ्ठी वाचताच येत नाही तर काय छापायचं? कॉलेजात एक तरुण प्राध्यापक आहेत. तुमच्या चिठ्ठ्या ते पुढे नेतील. नाव दोघांचं टाकू."

माझ्या छातीत आग पेटली. त्यांना बाहेर काढावं असं वाटलं. पण शब्द जुळेपर्यंत तेच पुढे बोलले. "तुम्ही शांतपणे घेतलंत, बरं वाटलं. मी भीत भीत आलो होतो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, पाडव्यापर्यंत थांबा, स्वच्छ प्रत देतो. त्यांनी दोनदा विचारलं, काय म्हणालात? दोन्ही वेळा मी मोठ्यानेच बोललो होतो. शेवटी गौरम्माने दारातून सांगितलं, "पाडव्यापत्तर थांबा म्हंत्यात." ते बरं म्हणून गेले.

त्यांना पोचवून मागे वळलो आणि बोळात आवाज आला. मी भडकलो होतो. ओरडलो, "अप्पा, पुरे."

गौरम्मा बोळाच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभी राहिली. तिच्या हातात चहाची कपबशी होती, ती तिने खाली ठेवली.

"थांबा तितंच," ती म्हणाली. मी थांबलो.

"आता काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"चप्पल काढा. आता या माझ्याकडं."

मी चप्पल काढून चाललो. आवाज आला, निराळा. उघड्या तळव्यांचा, फरशीवर घासणारा. मी थांबलो. थांबला.

"ते मामांचे पाय न्हाईत," ती म्हणाली. "तुमचे हाईत."

मी म्हटलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून. चालताना तुमचा डावा हात हलायचा बंद झाला की. मामांचंबी तसंच सुरू झालं होतं. त्यांच्या पायापुढं मी पाऊल आडवं टाकायची. ते ओलांडून चालायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती भिंतीला टेकली. "कोश सुरू झाला होता. तुमाला इतकं खूश मी कधी बघितलं न्हवतं. म्हटलं, हा महिना जाऊ दे. मग तो महिना जाऊ दे म्हटलं." आणि पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसली. मीही तिच्याजवळ बसलो. बसताना तिने आधार दिला. कपबशी आमच्या दोघांच्या मध्ये होती.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी बोटं हलवायला लावली, चालायला लावलं, एक ओळ लिहून घेतली. ओळ बघूनच मान हलवली. कंपवात. वडिलांना होता म्हणून मुलाला होतोच असं नाही, पण एखाद्या घरात होतो, असं म्हणाले. मुंबईहून नव्या गोळ्या मागवता येतात. बरं करत नाहीत, पण पुष्कळांना हातपाय मोकळे करून देतात. वास जाणं, चेहरा थिजणं, आवाज बारीक होणं, सगळं त्यातलंच. मी सांगायच्या आधीच ते एकेक विचारत होते. माझ्या मागे येऊन कोणीतरी माझी दिवाळीपासूनची वही वाचून गेलं असावं तसं वाटलं.

बाहेर आल्यावर गौरम्माला म्हटलं, पिंपळ तोडला म्हणून नाही गं ते. ती म्हणाली, "मी कवा म्हटलं?"

१० मार्च

आज नववीच्या वर्गात सांगून टाकलं. उद्या शिवरात्रीची सुट्टी, म्हणून आजच. म्हटलं, माझा चेहरा रागावलेला दिसला तरी मी रागावलेलो असेन असं नाही. रागावलो तर मी तोंडाने सांगेन. फळ्यावर अक्षर बारीक झालं तर हात वर करायचा. मागून एकाने लगेच हात वर केला. फळ्यावर अजून काही लिहिलंच नव्हतं. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्यांना दिसलं की नाही देव जाणे. नंतर तो मुलगा म्हणाला, आवाज ऐकू येत नाही सर, म्हणून हात वर केला. मग सगळ्यांना पुढे सरकून बसायला लावलं.

घरी येऊन ॲस्पेनची चिठ्ठी काढली. झाडाच्या थरथरीचं खरं कारण मोठ्या कोशाच्या तळटीपेत होतं, तेव्हा माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. त्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून नुसत्या हवेवरही पान स्थिर राहत नाही. लाज नाही, पाप नाही. देठच तसा. पुष्कळ वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. मग चिठ्ठीवर लिहिलं: ॲस्पेन, मूळ विशेषण, झाडाचं जुनं नाव ॲस्प. जुनं नाव जाड करून दोनदा गिरवलं. जागा पुरली नाही.

२७ मार्च

गोळ्या आल्या. सकाळी पाऊल जरा हलकं पडतं. दुपारनंतर पुन्हा जड.

बोळातला आवाज आता मला कळतो. माझाच. कळल्यापासून भीती गेली, तसं काहीतरी दुसरंही गेलं. तीन महिने अप्पा माझ्या मागोमाग चालत होते. गावात, शाळेत, गड्ड्यावर. मी त्यांना भ्यायलो, त्यांच्यावर ओरडलो, पण ते होते. आता कोणी नाही. आज संध्याकाळी मागच्या खोलीच्या दारात मुद्दाम उभा राहिलो. दिवे लागले. मागे वळून बघितलं. गौरम्माने विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

कोणाची नाही, म्हटलं.

३ एप्रिल

शरणप्पांना प्रत द्यायची वेळ जवळ आली. मला रोज दोन-तीन चिठ्ठ्यांच्या वर स्वच्छ लिहून होत नाही. हे जमायचं नाही, उघड आहे. गौरम्माला म्हटलं, उद्या जाऊन सांगून येतो, त्या प्राध्यापकांना द्या. ती म्हणाली, "पाडवा अजून लांब हाय. जाऊ नका."

तिचं काय चाललंय कळत नाही. तिची शाळा कानडीतली, तीही चौथीपर्यंत. मराठी वाचते, पण लिहायची वेळ कधी आली नाही. हल्ली दुपारी पाटी घेऊन बसते आणि माझ्या जुन्या, ठळक अक्षरातल्या चिठ्ठ्या समोर ठेवून गिरवते. इंग्रजी अक्षरंसुद्धा, चित्रासारखी बघून बघून. कशाला, विचारलं तर म्हणते, वेळ जात न्हाई.

आज तिचा थ सारखा उलटा पडत होता. मी तिच्या मागे बसलो, तिचा हात हातात धरला आणि काढून दाखवायला गेलो. माझा हात कापत होता, त्याबरोबर तिचाही. थ निघाला तो पाण्यात पडलेल्या सावलीसारखा. मी म्हटलं, पूस तो, दुसरा काढू.

तिने पुसला नाही. त्याच्या शेजारी आपला आपण दुसरा काढायला घेतला.